मासा, पंप आणि गोळी

मृग लागायच्या सुमारास नांदेड, परभणी, लातूरकडून हैदराबादला जाणाऱ्या गाड्यांत एक वेगळीच गर्दी दिसते. सामान थोडं, सोबत एखादं सतत खोकणारं पोर, नाहीतर दोन पावलं चालून थांबणारे आजोबा. ही मंडळी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर निघालेली असतात, जिवंत मासा गिळायला. निजामाच्या राज्यात एकत्र नांदलेल्या मराठवाड्याला दवाखान्यासाठी हैदराबाद कधी परकं वाटलं नाही, आणि हा दवाखान्याबाहेरचा इलाजही त्याच वाटेवर आहे.

तेलंगणात मृगशिरा कार्तीला, म्हणजे साधारण ७ ते ९ जूनच्या दरम्यान, मासे खाण्याची रीतच आहे. जुन्या शहरातल्या दूधबावलीचं बत्तिनी गौड कुटुंब याच मुहूर्तावर दम्याचं औषध देतं. वनस्पतींचा पिवळसर लगदा, तो दोन-तीन इंची मरळीच्या पिल्लाच्या तोंडात भरायचा आणि पिल्लू जिवंतच रुग्णाच्या घशात सोडायचं. शाकाहारी माणसाला तोच लगदा गुळातून मिळतो. सलग तीन वर्षं यायचं आणि दर वेळी पथ्य पाळायचं. कुटुंब सांगतं ते असं : १८४५ मध्ये वीरण्णा गौड या पूर्वजाला एका साधूने ही कृती दिली आणि अट घातली, पैसे घ्यायचे नाहीत. लगद्याचे पैसे आजही पडत नाहीत, मासा तेवढा मत्स्यव्यवसाय खात्याच्या काउंटरवर विकत घ्यायचा. कोविडमुळे काही वर्षं खंड पडला, २०२३ च्या जूनमध्ये रांगा पुन्हा लागल्या. त्याच वर्षी कुटुंबातले ज्येष्ठ हरिनाथ गौड वारले, आणि काम पुढच्या पिढीकडे गेलं.

लगद्यात काय आहे हे घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. जन विज्ञान वेदिकेसारख्या संघटनांनी यावर आक्षेप घेतले, प्रकरणं न्यायालयात गेली. दरम्यान ज्याला सगळे ‘औषध’ म्हणत होते त्याला ‘प्रसाद’ म्हटलं जाऊ लागलं. त्यामागे कायद्याची अडचण आहे. आपल्या औषध नियमांना ‘अनुसूची जे’ नावाची एक यादी जोडलेली आहे. त्या यादीतले आजार बरे करतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. कर्करोग, टक्कल, अंधत्व यांच्या सोबतीने दमाही तिथे आहे. प्रसादाला मात्र अनुसूची लागू नाही.

मासा पोहत पोहत श्वासनलिका साफ करतो, असं रांगेतली माणसं एकमेकांना सांगतात. घशात दोन वाटा आहेत. गिळलेली प्रत्येक गोष्ट, घास असो की मासा, अन्ननलिकेतून जठरात जाते. चुकून श्वासाच्या वाटेला गेली तर ठसका लागतो आणि जीव गुदमरतो. दमा असतो तो दुसऱ्या वाटेवर, फुप्फुसात शिरून बारीक बारीक होत गेलेल्या नळ्यांमध्ये. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. नळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते, भोवतालचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. आवळलेल्या नळीतून हवा बाहेर पडताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. धूळ, गाजरगवताचे पराग, चुलीचा धूर, अगरबत्ती, थंडी, सर्दीचा विषाणू हे निमित्त ठरतात. सूज मात्र निमित्त नसतानाही आत धुमसत असते, आणि दम्याच्या औषधांचं निम्मं शास्त्र या एका गोष्टीत आहे.

मग मासा गिळून आलेली कितीतरी माणसं बरं वाटलं असं का सांगतात? ती खोटं बोलत नसतात. दमा चढ-उताराचा आजार आहे. माणूस हैदराबादची गाडी पकडतो ती सगळ्यात जास्त त्रास झाल्यानंतर, आणि त्यानंतर काहीही केलं तरी बहुधा उतारच येतो. लहान मुलांचं तर आणखी वेगळं. सर्दीबरोबर छाती घरघरणाऱ्या पुष्कळ मुलांचा त्रास वय वाढतं तसा आपोआप कमी होतो. सलग तीन वर्षं यायची अट असेल तर तीन वर्षांनी मूल तीन वर्षांनी मोठंही झालेलं असतं.

या इलाजाच्या बाजूने दोन गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात : एक, त्याचे दुष्परिणाम काहीच नाहीत, दोन, १८४५ पासून त्यात काडीचाही बदल नाही. मला हीच दोन वाक्यं सगळ्यात जास्त खटकतात. दुष्परिणाम नाहीत हे कोणी, किती माणसांवर, किती दिवस पाहून ठरवलं? बघितलंच नाही तर दिसणार कुठून? आणि दम्याच्या आधुनिक औषधांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे बदलांचाच इतिहास आहे. औषध गुणकारी निघायचं, मग त्याचा त्रास कळायचा, मग त्रास छाटून गुण ठेवायची धडपड सुरू व्हायची.

औषधाचं वाईट मोजून बघण्याची रीत हैदराबादला परकी नाही, उलट त्या बाबतीत हे शहर एकेकाळी जगाच्या पुढे होतं. क्लोरोफॉर्मची भूल देताना काही रुग्ण टेबलावरच दगावत. ते श्वास बंद पडून की हृदय बंद पडून, यावर युरोपात भांडण होतं. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये यासाठी दोन आयोग बसवले. पैसा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पुरवला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा त्यांचा माणूसच निजामाच्या खर्चाने हैदराबादला बोलावला गेला. लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ आले आणि प्रयोगांत सामील झाले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तो पुरता बरोबर नव्हता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय अचानक विस्कटून मृत्यू येऊ शकतो, आणि त्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनलिन असेल तर धोका आणखी वाढतो. निजामाच्या आयोगाने प्रयोग लिहून, छापून ठेवले होते म्हणून त्यांची चूक दुसऱ्याला काढता आली. गुप्त लगद्याची चूक कोणी कशी काढणार?

लेव्हींच्या प्रयोगातलं अ‍ॅड्रेनलिन हेच दम्याच्या आधुनिक औषधांचं मूळ आहे, पण त्याच्याही आधी धोतरा होता. दम्याला धोतऱ्याचा धूर ओढायचा हा आपल्याकडचा जुना उपाय. मद्रासचे फिजिशियन-जनरल जेम्स अँडरसन यांनी तो जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दाखवला, आणि १८०२ मध्ये जेंट तो ब्रिटनला घेऊन गेला. पुढची दीडशे वर्षं युरोप-अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी औषधाच्या दुकानात मिळत होत्या. त्यांनी नळ्या खरोखरच सैल व्हायच्या. पण तोंड कोरडं पडायचं, नजर अंधूक व्हायची, छाती धडधडायची आणि जरा जास्त झालं की माणूस बरळायला लागायचा. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं, हे त्याचं कारण. रसायनशास्त्रज्ञांनी मग त्या रेणूची अशी रचना केली की त्याला कायमचा विद्युतभार राहील. असा रेणू श्वासावाटे दिला तर फुप्फुसात काम करतो, पण रक्तात फारसा उतरत नाही आणि मेंदूत जवळजवळ जातच नाही. हे इप्राट्रोपियम. दवाखान्यात दम लागलेल्या माणसाच्या नाकातोंडावर मास्क लावून जी वाफ देतात, त्या ‘ड्युओलिन’मध्ये ते असतं. धोतऱ्याची थोडी खूण अजून राहिली आहे : तोंड कोरडं पडणं, प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांना लघवीला अडणं, आणि मास्क सैल बसून वाफ डोळ्यांत गेली तर काचबिंदूवाल्याचा डोळा दुखणं. त्याचाच दीर्घकाळ चालणारा भाऊ टायोट्रोपियम. बरळणारं मात्र कोणी राहिलं नाही.

अ‍ॅड्रेनलिनची गोष्ट याहून लांब आणि रक्ताळलेली आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी वेगळं काढलं आणि १९०३ मध्ये दम्याच्या रुग्णांना त्याचं इंजेक्शन देणं सुरू झालं. काही मिनिटांत छाती मोकळी. पण अ‍ॅड्रेनलिन सगळ्या शरीराला जागं करतं. रक्तदाब चढतो, हृदय धावतं, हात कापतात, माणूस घाबराघुबरा होतो. १९४० च्या दशकात त्याचा सुधारलेला नातेवाईक आयसोप्रेनलिन आला. तो रक्तदाब चढवत नव्हता, पण हृदयाला पळवायचा. १९५६ मध्ये रायकर या अमेरिकन कंपनीने ते खिशात मावणाऱ्या फवाऱ्यात भरलं. कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही? आज आपण ज्याला पंप म्हणतो त्याचा जन्म असा झाला.

मग १९६० च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दम्याने दगावणाऱ्या तरुण माणसांची संख्या एकाएकी वाढली. अनेकांच्या हातात रिकामा पंप सापडायचा. चौकशीत बोट गेलं ते आयसोप्रेनलिनच्या कित्येक पट कडक आवृत्तीकडे; ती जिथे विकली जात नव्हती तिथे अशी लाट आली नाही. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर पुन्हा तोच प्रकार घडला, या वेळी फेनोटेरोल नावाच्या औषधाभोवती. १९८९ मध्ये तिथल्या संशोधकांनी हा संबंध मांडला, औषधावर बंधनं आली आणि मृत्यू उतरले. आपल्याकडे ‘पंप घेतला तर माणूस मरतो’ अशी एक कुजबूज असते, तिचं मूळ कदाचित या बातम्यांत असेल. कुजबूज राहिली आणि पुढे काय झालं ते मात्र गावापर्यंत पोचलं नाही.

पुढे झालं ते असं. नळ्यांच्या स्नायूंवर आणि हृदयावर अ‍ॅड्रेनलिन ज्या ठिकाणी जाऊन बसतं ती ठिकाणं जरा वेगवेगळ्या घडणीची आहेत, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झालं. ब्रिटनमधल्या वेअर गावी डेव्हिड जॅक यांच्या गटाने मुख्यतः फुप्फुसातल्या ठिकाणी बसणारा रेणू शोधला, तो साल्ब्युटामॉल, आणि १९६९ मध्ये तो बाजारात आला. आपल्या दुकानातली निळी ‘अस्थॅलिन’ म्हणजे हेच. दोन फवारे घेतले की पाच मिनिटांत नळ्या सैल होऊ लागतात आणि परिणाम चारेक तास टिकतो. हाताला बारीक कंप, थोडी धडधड, कधी पायात गोळे, कधी डोकेदुखी एवढे त्याचे नेहमीचे त्रास, आणि तेही काही वेळात ओसरतात. दवाखान्यात मोठे डोस वारंवार द्यावे लागले तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, त्यावर डॉक्टर नजर ठेवतात.

इथे एक साधा हिशेब मांडायला हवा, कारण तो आपल्या घराघरांत उलटा मांडला जातो. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं, दोन फवाऱ्यांत २००. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४ मिलिग्रॅमची एक गोळी दोन फवाऱ्यांच्या वीस पट. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग फुप्फुसात पोचते आणि त्यासाठी अर्धा तास तरी घेते. एका झाडावर कीड पडली म्हणून सगळ्या शिवारावर फवारणी करावी तसा हा प्रकार. खोकल्याच्या कितीतरी पातळ औषधांत साल्ब्युटामॉल मिसळलेलं असतं. ते पाजल्यावर लेकरू रात्रभर टक्क जागं राहतं, हातपाय थरथरतात, आणि आई म्हणते, औषध उष्ण पडलं. तिचं निरीक्षण अचूक आहे. पण पुढच्या वाक्यात ती म्हणते, ‘आम्ही अजून पंपावर नाही गेलो, साधं औषधच चालू आहे.’ साधं कोणतं आणि जड कोणतं हे इथे पूर्ण उलटं झालेलं असतं.

पंपाची सवय लागते का? निळ्या पंपाची गरज वाढत जाणं ही खरी आणि वाईट खूण आहे, पण ती व्यसनाची नव्हे. आतली सूज वाढते आहे आणि आपण फक्त वरचे स्नायू सैल करत बसलो आहोत, असा तिचा अर्थ. वर्षाला दोनशे फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक डबे लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक डबा संपत असेल तर जिवाचा धोकाही. म्हणूनच दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, ज्यांना ‘जिना’ म्हणतात, २०१९ मध्ये पन्नास वर्षांची वहिवाट मोडली. मोठ्या माणसाला आणि किशोरवयीन मुलांना नुसता निळा पंप देऊ नका, सोबत सुजेवरचं औषध हवंच, असं त्यांनी सांगितलं.

सुजेवरचं औषध म्हणजे स्टेरॉइड. हा शब्द ऐकला की आपल्याकडे समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो.

या भीतीला आधार आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. दम्यातही चमत्कार दिसला, आणि मागोमाग किंमतही दिसली. महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांचा चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, भूक खवळते, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, मोतिबिंदू लवकर येतो, त्वचा कागदासारखी पातळ होते, जखम भरत नाही, खुब्याचं हाड मरू शकतं. मुलांची उंची खुंटते. शिवाय शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं सोडून देतात, त्यामुळे बरेच दिवस चाललेली गोळी एका दिवसात बंद केली तर माणूस कोसळू शकतो. झोप उडणं आणि स्वभाव चिडका होणं तर पाच दिवसांच्या कोर्समध्येही दिसतं.

मग छाटणीचं काम पुन्हा सुरू झालं आणि १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनचा पंप निघाला. पाठोपाठ ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन आले. झटक्यात मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम. ब्युडेसोनाइडचा रोजचा हलका डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, वजनाने त्याचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. इथे नुसतं वजन बघून चालत नाही, कारण ब्युडेसोनाइड वजनाला वजन जास्त ताकदवान आहे. पण त्याचा जो भाग गिळला जातो त्यातला बहुतेक यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं, म्हणून बाकीच्या शरीराला फार थोडं लागतं. उरतो तो घशाचा त्रास. आवाज बसतो, जिभेवर, टाळूवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावली आणि नंतर खळखळून चूळ भरून थुंकली की हेही बरंच टळतं. शिक्षक, कीर्तनकार, गायक यांनी चूळ चुकवू नये. ज्यांचा गळाच पोटापाण्याचं साधन आहे त्यांनी आवाज बसल्याचं डॉक्टरांना लगेच सांगावं, डोस किंवा उपकरण बदलता येतं.

मुलांच्या उंचीचं काय? हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि त्याचं उत्तर टाळलं की तिचा विश्वास उडतो. अमेरिकेत दमेकरी मुलांना लहानपणी चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिलं आणि ती मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजत राहिले. २०१२ मध्ये निकाल छापून आला. औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा यांची सरासरी उंची १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणजे परिणाम आहे. तो एवढा आहे. दुसऱ्या पारड्यात टाकायचं ते वर्षातून चार वेळा अ‍ॅडमिट होणं, बुडालेली शाळा, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचे वरचेवर घेतलेले कोर्स, जे उंचीला याहून बरेच महाग पडतात. धड आटोक्यात नसलेला दमाही मुलाची वाढ खुंटवतोच. मोठ्या डोसचे पंप वर्षानुवर्षं चालले तर हाडं, डोळे आणि अधिवृक्क ग्रंथींवर परिणाम दिसू शकतो. म्हणून चांगला डॉक्टर दमा तीनेक महिने आटोक्यात राहिला की डोस उतरवून बघतो.

आता या भीतीची खरी शोकांतिका. पंपातल्या चिमूटभर स्टेरॉइडला नको म्हणणारा माणूस तेच औषध मूठभर खात असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. गावातला कंपाउंडर पुडीत बांधून देतो त्या दोन-तीन रंगांच्या गोळ्यांत एक बहुधा स्टेरॉइडची असते. ‘शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दम्याच्या चूर्णांतही ते मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ओळखायची खूण अशी : दोन दिवसांत जादू व्हावी तसा आराम, भूक दुप्पट, महिन्याभरात गाल वर येतात आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. औषध थांबवलं की दमा पहिल्यापेक्षा जोरात उसळतो, अंगातलं त्राण जातं. कोणत्याही औषधाचा एवढा झपाट्याने गुण येत असेल तर त्यात काय आहे हे विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे.

पंपांच्या पुढच्या पिढीत सुजेवरचं स्टेरॉइड आणि बारा तास चालणारं नळ्या सैल करणारं औषध एकाच डबीत येतं. ‘फोराकॉर्ट’, ‘सेरोफ्लो’ ही नावं दुकानदारांच्या तोंडी असतात. ‘सेरोफ्लो’तलं बारा तास चालणारं औषध, सॅल्मेटेरोल, एकटं दिलं तेव्हा मृत्यूंचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापला. स्टेरॉइडसोबत दिल्यावर तो धोका राहत नाही हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं, तेव्हा २०१७ च्या डिसेंबरमध्ये या जोडऔषधांवरची चौकट काढली. दम्यात ते एकटं मात्र आजही घ्यायचं नाही. इशारा छापायचा, तपासायचा आणि पुरावा मिळाला की मागे घ्यायचा, हे सगळं उघड्यावर झालं.

थिओफिलीन म्हातारं झालं तरी आपल्या खेड्यांत अजून ठाण मांडून आहे. चहाच्या पानांतून अल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ मध्ये ते वेगळं काढलं होतं. ‘डेरिफायलिन’ची गोळी किंवा इंजेक्शन माहीत नाही असं दमेकरी घर मराठवाड्यात शोधावं लागेल. त्याची अडचण अशी की गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. आधी मळमळ, छातीत धडधड, झोप न येणं, मग हृदयाची लय बिघडणं आणि फिट्स. हेच अंतर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं आणखी कमी करतात, कारण ती असताना यकृत थिओफिलीन सावकाश संपवतं. डेरिफायलिन चालू असलेल्या माणसाला जुलाब झाले, दुकानातून ‘सिप्रो’ आणली आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, की दोष पोटावर जातो. विडी ओढणाऱ्याचं उलटं : धुरामुळे औषध लवकर संपतं, आणि त्याने विडी सोडली की तोच डोस जास्त होऊन बसतो.

मॉन्टेलुकास्ट या सगळ्यांत सोज्वळ वाटणारं. रोज रात्री एक गोळी, ना कंप ना धडधड. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, २०१२ मध्ये पेटंट संपलं. तेव्हा ते बनवून अमेरिकेत विकायची परवानगी मिळालेल्या कंपन्यांत हैदराबादची अरबिंदो फार्माही होती. दम्यात ते पंपातल्या स्टेरॉइडपेक्षा कमजोर पडतं. आपल्याकडे मात्र लिव्होसेट्रिझिनसोबत साध्या शिंका-सर्दीलाही सर्रास लिहिलं जातं. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापला. काहींना भयानक स्वप्नं पडतात, मूल एकाएकी आक्रमक होतं, उदासी येते, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. असं फार थोड्यांना होतं, पण गोळीमुळे झालं असं घरच्यांच्या मनात येत नाही, हीच अडचण. गोळी सुरू केल्यावर मुलाची झोप आणि स्वभाव बदलला तर ते ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नये.

ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब यांसारखी इंजेक्शनं गंभीर दम्यासाठी आहेत, स्टेरॉइडच्या गोळ्यांतून सुटका करायला. त्यांचा सगळ्यात मोठा दुष्परिणाम अजून तरी खिशावर होतो.

याउलट दुसऱ्याच दुखण्यासाठी घेतलेली औषधं दमा चाळवतात, त्यांची नावं पाठ असलेली बरी. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांनी काही दमेकऱ्यांना तासाभरात जोराचा झटका येतो. रक्तदाब किंवा अर्धशिशीसाठीचं प्रोप्रानोलॉल, अगदी काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नळ्या आवळतात. डोळ्यांत टाकलेल्या थेंबाने दम लागतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण थेंब नाकाच्या वाटेने रक्तात उतरतोच. गरोदर बाईने मात्र घाबरून पंप बंद करू नये. बाळाला पंपापेक्षा आईला अपुरा पडलेला प्राणवायू जास्त बाधतो.

जागतिक आजारभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त. ही तफावत औषधांच्या दुष्परिणामांनी पडलेली नाही, वेळेवर योग्य औषध न पोचल्याने पडली आहे. त्यात निदान लपवणं येतं, कारण लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये पंप दिसता कामा नये. आणि पैसा येतो. साल्ब्युटामॉलच्या गोळ्यांची पट्टी काही रुपयांत मिळते, त्याचाच पंप दीडशे-दोनशेच्या घरात जातो आणि स्टेरॉइडचा जोडपंप त्याच्या दुप्पट-अडीचपट. जनऔषधी केंद्रांत तो स्वस्त मिळतो, पण तालुक्याच्या केंद्रात दर महिन्याला असेलच असं नाही. रोजंदारीवरच्या माणसाला डॉक्टर गोळी लिहून देतात तेव्हा त्यांना वीस पटींचा हिशेब ठाऊक असतोच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती निम्म्याने वाढवून दिल्या, या दरात ती बनवणं परवडत नाही असं उत्पादक सांगत होते म्हणून. त्या यादीत साल्ब्युटामॉलच्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या, आणि वाफ देण्यासाठीचं द्रावणही. एवढ्या वाढीनंतरही गोळी पंपापेक्षा स्वस्तच आहे, आणि खपतेही तीच.